एक वस्त्र, अनेक उपयोग

वाराणसी येथे मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. घाटाजवळचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका बाजूस कललेले असून पावसाळ्यात त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो.

या घाटावर पहाटे स्नान करून वर आलेला यात्रेकरू कोरडे कापड कमरेभोवती गुंडाळतो, त्याच्या आडोशाने ओले धोतर सोडतो आणि काही क्षणांत नीटनेटका उभा राहतो. त्याच्याजवळ खोली नसते, पडदाही नसतो. असते ते साधारण चार हात लांबीचे एक सुती कापड. भर गर्दीत तेच त्याची लाज राखते. महाराष्ट्रात त्यास पंचा म्हणतात, तर काशीच्या परिसरात गमछा.

पंचा पातळ व सैल विणीचा असतो. त्यामुळे तो पाणी चटकन शोषतो आणि वाऱ्यावर लवकर वाळतो. त्याला शिवण नसते. म्हणून तो लहानथोर कोणाच्याही अंगास बसतो. अंग पुसणे, उन्हात डोके झाकणे, प्रसाद वा शिधा बांधून नेणे, जमिनीवर अंथरणे ही सर्व कामे त्या एका कापडाने होतात. ज्याच्याजवळ मोजकेच कपडे आहेत, त्याला या गुणांचे मोल अधिक वाटते.

असे वस्त्र केवळ भारतातच वापरले जाते असे नाही. इंडोनेशिया व मलेशिया या देशांत सरोंग नेसतात. मलाय भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘आवरण’ किंवा ‘म्यान’ असा आहे. पारंपरिक सरोंगची दोन्ही टोके जोडून शिवलेली असतात. नेसताना जादा घेर दुमडून कमरेशी खोचतात. म्यानमारमधील लोंजी आणि आपल्याकडील लुंगी ही त्याचीच भावंडे होत. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटक पोहण्याच्या पोशाखावर न शिवलेले रंगीत कापड कमरेस, छातीवर किंवा मानेमागे गाठ मारून बांधतात व वाळूवर अंथरतातही. त्यालाही सरोंगच म्हणतात.

अशा वस्त्रांना मर्यादाही आहेत. सैल गुंडाळलेल्या कापडाचे काठ वाहत्या पाण्यात पायांत अडकतात आणि माणसाचा तोल जातो. म्हणून खोल पाण्यात उतरताना कापड घट्ट खोचणे किंवा कासोटा घालणे हिताचे असते. मराठी स्त्रियांच्या नऊवारी लुगड्याच्या काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र ओले लुगडे अंगास चिकटते. ते उघड्यावर बदलणे स्त्रियांना पुरुषांइतके सोपे नसते. अशा वेळी सोबतच्या दोघीजणी एखादी साडी आडवी धरून आडोसा करतात. एकट्या स्त्रीला तीही सोय नसते. म्हणूनच घाटावर व समुद्रकिनाऱ्यावर कपडे बदलण्याच्या खोल्या असणे ही चैन नव्हे, गरज आहे. वस्त्र माणसाची लाज राखते. परंतु त्या वस्त्रावरच सारा भार टाकून समाजाला आपली जबाबदारी विसरता येत नाही.