मोटारीचा वायुविकार

रात्री ताठ मानेने उभी केलेली मोटार सकाळी पाहावी, तो एका कोपऱ्यावर मटकन बसलेली! टायर चाचपावा तर चांगला टणक. गाडी हवेच्या स्प्रिंगांवर चालणारी असेल, तर तिला वायुविकार जडला आहे असे खुशाल समजावे.

हा विकार तसा जुनाच. 1957 साली अमेरिकेत कॅडिलॅकची ‘एल्डोराडो ब्रूहॅम’ ही तेरा हजार डॉलरांची शाही मोटार निघाली. तिला पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे होते. गाडी कशी तरंगत चाले! परंतु हवा गळू लागली, आणि कंटाळलेल्या पुष्कळ मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढे रबर सुधारले, आणि ही योजना रेंज रोव्हर, मर्सिडीज यांसारख्या गाड्यांत रुळली. आज अशा गाड्या जुन्या बाजारातही मिळतात. घेणाऱ्याला गाडीबरोबर कधी कधी विकारही मिळतो.

खरा दोषी कोण?

रचना सोपी आहे. प्रत्येक चाकाशी दोऱ्यांनी मजबूत केलेल्या रबराचा एक फुगा. विजेवर चालणारा कंप्रेसर हवा दाबतो, ती ओलावा शोषणाऱ्या डबीतून झडपांच्या पेटीकडे जाते, आणि तेथून बारीक नायलॉनच्या नळ्यांनी फुग्यांत शिरते. गाडीची उंची कमी झाली की कंप्रेसर आपोआप सुरू होतो.

मेख इथेच आहे. फुग्याला केसाएवढी चीर पडली, तरी कंप्रेसर निमूटपणे तूट भरून काढतो. मालकाला पत्ता लागत नाही. कंप्रेसर मात्र तापतो, झिजतो, आणि एक दिवस प्राण सोडतो. मालक हजारो रुपये मोजून नवा बसवतो. चीर जागच्या जागी! मग नव्याचीही तीच गत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. म्हणून कंप्रेसरला हात लावण्याआधी गळती शोधावी.

नाडीपरीक्षा

गाडी सपाट जागी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवावे व सकाळी पुन्हा मोजावे. चारही कोपरे सारखेच किंचित उतरले असतील, तर थंडीने हवा आकसली इतकेच. एकच कोपरा बसला, तर त्याचा फुगा, नळी किंवा झडप दोषी. पुढचे वा मागचे दोन्ही कोपरे एकदम बसले, तर झडपांच्या पेटीवर संशय घ्यावा. एक खबरदारी मात्र हवी. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होतात आणि एक कोपरा खाली गेला की बाकीचे तिघेही त्याच्या पातळीला आणतात. अशा गाडीचा त्या यंत्रणेचा फ्यूज रात्रीपुरता काढून ठेवावा, म्हणजे चोर एकटा सापडतो.

जागा कळली की भांड्यांच्या साबणाचे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घ्यावे. गाडी सर्वांत उंच स्थितीत न्यावी, कारण रबराच्या चिरा घडीत दडून बसतात. फुग्याची घडी, नळी शिरते ते तोंड, चासीला घासणारी नळी, झडपांची पेटी, असे क्रमाने भिजवावे आणि घटकाभर धीर धरावा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते; बारीक गळतीचा पांढरा फेस हळूहळू फुलतो.

उपचार

नळी सांध्यापाशी गळत असेल, तर धारदार पात्याने टोक सरळ कापून पुन्हा पूर्ण आत बसवावे, ओ-रिंग बदलावी. मधेच घासली असेल, तर तेवढा भाग कापून जोडणी घालावी. काम थोडक्यात होते. फुग्याला मात्र सायकलच्या ट्यूबसारखे ठिगळ लावू नये. तो सतत वळतो नि उलगडतो. ठिगळ टिकत नाही. फुगा नवाच बसवावा, आणि एकाच वयाचा जोडीदारही बदलणे बरे. हवा भरण्याआधी गाडीचा भार त्यावर टाकला, तर नवी घडीही फाटते. ओलावा शोषणारे दाणेही तपासावेत. ते निकामी झाले की झडपा गंजतात.

शेवटचे, पण जिवाचे पथ्य. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चासीखाली भक्कम स्टँड लावावेत, यंत्रणा बंद करावी, हवा सोडावी, मगच नळीला हात घालावा. टायरमध्ये चौरस इंचाला 30-35 पौंडांचा दाब असतो. येथे तो शंभराच्या घरात जातो. आणि फुगा एकाएकी रिकामा झाला, तर वरची दोन टनांची गाडी इशारा देऊन खाली येत नाही!