पुराप्रवाहमार्गांचे विद्युत् सर्वेक्षण
नद्यांनी सोडून दिलेले व कालांतराने गाळाखाली गाडले गेलेले प्राचीन मार्ग मृदेच्या विद्युत् संवाहकतेतील फरकांवरून शोधून त्यांचे नकाशे तयार करण्याची पद्धती. वाळूतील क्वॉर्ट्‌झाचे कण जवळजवळ विद्युत् निरोधक असतात. जमिनीतून वीज वाहते ती मुख्यत्वे कणांमधील पाण्यात विरघळलेल्या लवणांमुळे व चिकणमातीच्या कणपृष्ठांवरील आयनांमुळे. नदीच्या पात्रात जाड वाळू, तर पूरमैदानावर बारीक गाळ व चिकणमाती साचते. त्यामुळे गाडलेले पात्र बहुधा कमी संवाहकतेचा नागमोडी पट्टा म्हणून नकाशावर उमटते. वालुकामय प्रदेशातील जुने पात्र चिकणमातीने वा पीटने भरलेले असल्यास चित्र नेमके उलटे दिसते.

मापनाच्या पद्धती दोन आहेत. पहिलीत जमिनीत चार विद्युत् अग्रे रोवतात. बाहेरच्या दोहोंमधून प्रवाह सोडून आतील दोहोंमधील विद्युत् दाबाचा फरक मोजतात. त्यावरून रोधकता (संवाहकतेचा व्यस्तांक) मिळते. अग्रांमधील अंतर वाढवीत गेल्यास अधिकाधिक खोलीवरील थरांची माहिती मिळते. दुसरी पद्धती विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाची असून तीत वेटोळी जमिनीत रोवावी लागत नाहीत. त्यामुळे उपकरण हाती घेऊन वा वाहनामागे ओढून मोठे क्षेत्र झपाट्याने पाहता येते. मात्र एक मी. अंतरावरील वेटोळ्यांनी सु. दीड मी. खोलीपर्यंतचीच माहिती मिळते. खोल गाडलेल्या पात्रांसाठी म्हणून पहिलीच पद्धती सोयीची.

खाऱ्या भूजलाने भरलेली वाळूही चिकणमातीसारखी सुसंवाहक भासते. ओलाव्यातील फरकही फसवे ठरतात. यास्तव विंधन छिद्रांतून नमुने काढून पडताळा घेतल्यावाचून अशा नकाशावर विसंबणे इष्ट नाही.

घग्गर-हाक्रा नदीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९८० मध्ये यशपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रह प्रतिमांवरून तिचा रुंद जुना मार्ग दाखविला. परंतु प्रतिमांवरून भूपृष्ठाखालील रचना कळत नाही. कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील राजीव सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोधकता मापनाने तिचा शोध घेतला. हडप्पा संस्कृतीच्या कालीबंगा या स्थळालगत वाळूचा जाड व विस्तृत थर गाडलेला असल्याचे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. या नगराशेजारून त्या काळी मोठी हिमालयीन नदी वाहत होती, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जाण्याजोगा होता. पण संवाहकतेवरून पात्र कोठे होते एवढेच कळते. ते केव्हा वाहते होते, हे कळत नाही. वाळूचे दीप्तिमापनाने केलेले कालनिर्धारण व झिर्कॉन कणांचा अभ्यास यांवरून २०१७ मध्ये असे मांडण्यात आले की, ही वाळू सतलजने आणलेली असून सतलजने हा मार्ग सु. ८,००० वर्षांपूर्वीच सोडला होता. हडप्पा संस्कृतीची नगरे भरभराटीस आली ती सु. ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, म्हणजे त्यानंतर बऱ्याच काळाने. या मतानुसार कालीबंगाचे रहिवासी सोडलेल्या दरीच्या काठी, मुख्यतः मोसमी पावसाच्या पाण्यावर राहत होते. २०१९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात मात्र सु. ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी या नदीस पुन्हा बारमाही प्रवाह होता, असे प्रतिपादन करण्यात आले. दोन्ही पक्षांचा आधार वाळूचे वय व उगम हाच आहे.