हातातील 'ऊर्जे'ची परीक्षा

समजा, जव्हारकडच्या साखरशेतमधील तुमचा कुत्रा लंगडतो आहे. कोणी स्पर्श न करता त्याच्यावरून हात फिरवतो, म्हणतो, "माझ्या हातातून ऊर्जा जाते." दोन दिवसांत कुत्रा धावू लागतो. हा ऊर्जेचा गुण? लहान दुखापती आपोआपही बऱ्या होतात!

मग पारख कशी करावी? १९९८ मध्ये एमिली रोझा या अमेरिकन शाळकरी मुलीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. असे ऊर्जाक्षेत्र जाणवते म्हणणाऱ्या २१ उपचारकांचे हात तिने पडद्याआड ठेवले. कोणत्या हातावर आपला हात धरला आहे, एवढेच विचारले. २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही सुमारे १४० आली असती!

कुत्रा पिसाळलेला असेल, तर असा भरवसा जिवावर बेतेल. तो चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीज लसीने टळतो, हातवाऱ्यांनी नव्हे.