चाकांवरचं संग्रहालय आणि त्यातली माणसं
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची एक वातानुकूलित बस आहे. २०१५ साली सुरू झालेलं हे फिरतं संग्रहालय शाळांच्या मैदानांत, गावांत जाऊन उभं राहतं. आत प्रदर्शन, आणि ते उलगडून सांगणारी संग्रहालयाची माणसं. मला खरं कौतुक या माणसांचं वाटतं! एक वर्ग उतरला की दुसरा चढतो. समजा, हडप्पाची मुद्रा दाखवायची आहे. तर ती तिसरीतल्या मुलाला वेगळी सांगावी लागते, दहावीतल्या मुलीला वेगळी. ज्यांना मुंबईला येणं जमत नाही, त्यांच्या दारी इतिहास पोचतो तो यांच्यामुळे. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या संग्रहालयाच्या घुमटाच्या इमारतीइतकंच हे कामही मोलाचं. बस तुमच्याकडे आली तर त्यांना भरपूर प्रश्न विचारा, आणि मनापासून आभारही माना.