अ‍ॅट्रोपिन किती? उत्तर पेशीपाशी

हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातली माणसे शेतीच्या हंगामात वाघेरा घाट ओलांडून गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी राहतात. द्राक्ष-टोमॅटोच्या शेतांत त्यांच्या वाट्याला येणाऱ्या कामांत पाठीवर पंप अडकवून करायची फवारणीही असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. तेव्हा ज्या रसायनांवर बोट ठेवले गेले, त्यांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके होती. त्यानंतर मास्क, हातमोजे, परवाने यांवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण या गटातल्या विषाचा रुग्ण दवाखान्याच्या दारात आला, की पुढचा पाव तास अ‍ॅट्रोपिन या जुन्या, स्वस्त इंजेक्शनवर अवलंबून असतो. ते किती द्यायचे, याचा ठरीव आकडा नसतो. तो पेशीच्या आत काय चालले आहे यावरून ठरतो, आणि हे ज्याला उमगले तो डॉक्टर धीटपणे आणि तरीही सुरक्षितपणे औषध देतो, असे माझे म्हणणे आहे.

मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते, शेजारच्या पेशीला निरोप देते आणि कोलिनएस्टरेज हे विकर त्याचे क्षणार्धात तुकडे करते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हा दुसऱ्याचेही ठोके मंदावले. निरोप रसायनातून जातो, हे असे सिद्ध झाले. त्याआधी १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी या निरोपाच्या परिणामांचे मस्करिनिक आणि निकोटिनिक असे दोन गट पाडले होते. दोघांना १९३६चे नोबेल मिळाले. ऑर्गॅनोफॉस्फरस विष नेमके कोलिनएस्टरेजलाच निकामी करते. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते आणि निरोप थांबतच नाही.

पेशीवर हा निरोप झेलणाऱ्या मस्करिनिक ग्राहींचे एम-१ ते एम-५ असे पाच प्रकार आहेत. बाहेरून निरोप एकच, पण आतली यंत्रणा वेगळी. श्वासनलिकेच्या स्नायूत आणि ग्रंथींत एम-३ ग्राही जीक्यू या प्रथिनाला जागे करतो, ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला कामाला लावते, त्यातून आयपी-३ तयार होते आणि पेशीतल्या साठ्यातले कॅल्शियम बाहेर पडते. कॅल्शियम वाढले की नळी आवळते, ग्रंथी पाझरतात. हृदयात एम-२ ग्राही जीआय या प्रथिनाकरवी सायक्लिक एएमपी घटवतो आणि पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो, ठोके मंदावतात. लाळ, घाम, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि छातीतली घरघर ही सारी या आतल्या घडामोडींची बाहेर दिसणारी रूपे आहेत. त्यांतली जीवघेणी गोष्ट म्हणजे फुप्फुसांत साचणारे पाणी.

अ‍ॅट्रोपिन विषाला हातही लावत नाही. ते ग्राहीच्या त्याच खुर्चीवर बसते जिथे अ‍ॅसिटिलकोलिनला बसायचे असते, म्हणून पुढचे कॅल्शियम सुटत नाही आणि पोटॅशियमच्या वाहिन्या उघडत नाहीत. स्पर्धा म्हटली की संख्या आली: अ‍ॅसिटिलकोलिन जितके जास्त, तितके अ‍ॅट्रोपिन जास्त लागणार. म्हणूनच १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, सुधारणा दिसेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडच्या अँप्यूलमध्ये बहुधा ०.६ मिलिग्रॅम असते. म्हणजे आधी ३, मग ६, मग १२, मग २४. पंधरा मिनिटांत ७५ अँप्यूल फुटू शकतात. थांबायचे ते छाती मोकळी झाल्यावर, काख कोरडी पडल्यावर, नाडी आणि रक्तदाब ८०च्या वर गेल्यावर. नाडी आधीच जलद असेल तर हात आखडायचा नाही, कारण ती घाई निकोटिनिक ग्राहींमुळेही असू शकते.

यावर पहिला आक्षेप येतो: इतक्या अ‍ॅट्रोपिनने रुग्ण भ्रमिष्ट होईल, ताप चढेल. भीती खरी आहे; धोतऱ्याचे विष चढते ते याच रसायनामुळे. पण बांगलादेशात चितगाव येथे १५६ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक मात्रा पुन्हा पुन्हा देण्याच्या जुन्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले. वाढत्या मात्रा आणि नंतर सलाइनमधून संथ धार या पद्धतीत ८ टक्के. अ‍ॅट्रोपिनची बाधासुद्धा दुसऱ्या गटातच कमी झाली. लक्षणे पाहून दिलेले औषध लवकर पुरते आणि वेळीच आवरता येते, हे त्याचे कारण.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही वरवरची मलमपट्टी, मूळ विकर सोडवा. त्यासाठी प्रॅलिडॉक्साइम आहे. बारामतीत २०० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत ते मोठ्या मात्रेत सतत दिल्याने मृत्यू ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे हे काम. मात्र २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. विषाचा प्रकार, मात्रा आणि उपचाराला झालेला उशीर यांवर बरेच अवलंबून असते. म्हणून त्याची वाट पाहत अ‍ॅट्रोपिन लांबवणे चुकीचे ठरते. अ‍ॅट्रोपिनची मर्यादाही ओळखायला हवी. श्वासाच्या स्नायूंवरचे निकोटिनिक ग्राही त्याला जुमानत नाहीत, आणि ते स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासच लागतो.

तालुक्यातल्या डॉक्टरला आयपी-३चे नाव कशाला हवे, असे कोणी म्हणेल. नाव नसले तरी चालेल, तर्क हवा. तो असला की बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून सुई थांबत नाही, छातीतली घरघर थांबेपर्यंत चालते. हरसूलहून नाशिकपर्यंतचा घाटरस्ता या रुग्णाला परवडणारा नाही. तेव्हा डोंगराळ भागातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात एका रुग्णाला पुरतील एवढी तरी, म्हणजे शंभराच्या घरात अँप्यूल, श्वासासाठी अंबू बॅग आणि दुप्पट मात्रेचा तक्ता वाचून काम करणारी प्रशिक्षित परिचारिका असलीच पाहिजे. विज्ञानाने आपले काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू केले; आता साठ्याची आणि सरावाची जबाबदारी आपली आहे.