शिंपल्यांचा श्वास आणि भरती-ओहोटीचे घड्याळ

कोकणातील खाड्यांच्या काठी ओहोटी लागली की खडकांवरील कालवे आणि शिनाणे काढण्याची परंपरा जुनी आहे. हे कष्टाचे काम बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत. आता या प्राण्यांची शेतीही करता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात शिनाणे व कालवे यांच्या संवर्धनाच्या पद्धती विकसित केल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केरळमधील कासरगोड परिसरात त्यांचा प्रसार झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातही महिलांच्या बचत गटांनी ही शेती केली आहे. या पिकास खत लागत नाही, खाद्यही विकत आणावे लागत नाही. मात्र तो जीव श्वास कसा घेतो, हे ध्यानी न घेतल्यास हाताशी आलेले पीक थोड्या दिवसांत नष्ट होऊ शकते.

एकाच अवयवाची दोन कामे

शिंपल्याच्या दोन कवचांच्या आत पडद्यासारखे कल्ले असतात. त्यांवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू अखंड हलत राहून पाण्याचा प्रवाह आत ओढतात. त्या पाण्यातून प्राणवायू शोषला जातो आणि सूक्ष्म वनस्पतींचे कण गाळून तोंडाकडे नेले जातात. श्वसन व भोजन ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच वेळी चालतात.

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. कोकणच्या समुद्राच्या उबदार पाण्यात मात्र लिटरमागे तो जेमतेम साडेचार मिलिलिटर विरघळतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी घटते. उलट, त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणूनच शिंपल्यास दर तासाला कित्येक लिटर पाणी गाळावे लागते.

मिटलेल्या कवचाआड

ओहोटीत उघडा पडलेला शिंपला कवचे घट्ट मिटून घेतो. हृदयाचे ठोके मंदावतात. शरीरात साठविलेल्या ग्लायकोजेनचे प्राणवायूविना विघटन करून तो अल्पशी ऊर्जा मिळवितो. यातून निर्माण होणाऱ्या आम्लांची तीव्रता कमी करण्यासाठी कवचातील चुन्याचा किंचित अंश खर्ची पडतो. भरतीचे पाणी येताच कवचे उघडतात आणि काही काळ श्वसन नेहमीपेक्षा वेगाने चालते. जणू राहिलेले देणे तो फेडीत असतो. कवच मिटणे हे असे संरक्षणाचे साधन आहे, परंतु त्यास मुदत आहे.

सूर्य आणि चंद्र

आपल्या किनाऱ्यावर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. त्यामुळे तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरील लोकांचा हिशेब याच नियमावर आधारलेला आहे. शिंपल्यांच्या हालचालीतही ही लय आढळते. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँक ब्राउन यांनी १९५४ मध्ये समुद्रकाठची कालवे हजार किलोमीटरहून दूर, अंतर्भागातील इव्हॅन्स्टन येथे अंधारात ठेवली. प्रारंभी ती मूळ किनाऱ्याच्या भरतीनुसार उघडत. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची वेळ नव्या स्थळावरील चंद्राच्या स्थितीस अनुरूप झाल्याचे त्यांनी नोंदविले. त्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. अलीकडे फ्रान्समधील संशोधकांनी कवचांवर सूक्ष्म विद्युत्-उपकरणे बसवून केलेल्या अभ्यासात कालवांमध्ये भरतीची व अहोरात्राची अशा दोन्ही लयी आढळल्या. त्यांपैकी अहोरात्राची लय ऋतूनुसार बदलते, असेही दिसून आले.

पाण्याचीही स्वतःची दैनंदिन लय असते. दिवसा सूक्ष्म वनस्पती प्राणवायू सोडतात, तर रात्री सारेच जीव तो वापरतात. परिणामी बंदिस्त खाडीत पहाटेपूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाण्याची अदलाबदल मंदावते. उन्हाळा, भांग आणि पहाट यांचा योग जुळून आल्यास दाटीने लावलेल्या दोरांवरील शिंपल्यांचा जीव गुदमरण्याचा धोका असतो.

व्यवहारातील बोध

यावरून काही गोष्टी सहज ध्यानात येतात. संवर्धनाची जागा वाहत्या पाण्याची असावी. दोन दोरांत पुरेसे अंतर राखावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होताच शिंपले कवचे मिटून घेतात; परंतु ही स्थिती अनेक दिवस टिकल्यास ते तग धरू शकत नाहीत. यास्तव नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बीज लावून पावसापूर्वी काढणी पूर्ण करणे हितावह ठरते. सदैव पाण्यात असलेल्या दोरांवरील शिंपल्यांना कवच मिटून राहण्याची फारशी सवय नसते. काढणीनंतर ते ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवून शक्य तितक्या लवकर बाजारात न्यावेत. टकटक करूनही कवच न मिटणारा शिंपला मेलेला समजून टाकून द्यावा.

शिंपला जे पाणी गाळतो, त्यातील रोगजंतूही त्याच्या शरीरात साठतात. गावाचे सांडपाणी खाडीत सोडले जात असेल, तर ते अखेर ताटात येते. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी सांडपाण्याची योग्य व्यवस्था केल्यास गावाचे आरोग्य आणि या भगिनींचा रोजगार या दोहोंचे रक्षण होईल.