दोर तोच, बाजू एक

सोबतीचं काम : लेखांक ९

हिवाळा लागला की अमरावती आणि अकोल्यातल्या कार्यालयांत खेळाडूंच्या याद्या फिरू लागतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा, पोलिसांच्या स्पर्धा, महसूल विभागाच्या स्पर्धा. महसूलच्या विभागीय स्पर्धांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे उतरतात. एरवी फाइलवर शेरा मारणारा अधिकारी आणि ती फाइल घेऊन येणारा शिपाई एकाच कबड्डी संघात एकमेकांचा हात धरून उभे राहतात. चार-पाच दिवस मैदान गजबजतं, चषक येतो, फोटो निघतात, आणि सोमवारी सगळे आपापल्या टेबलावर परततात.

गेल्या आठवड्यात आपण बैठकांविषयी बोललो. आजचा प्रश्न खेळांचा आहे. खासगी कंपन्यांत ‘टीम बिल्डिंग’ म्हणून एक दिवस रिसॉर्टवर नेतात, सरकारी कार्यालयांत वार्षिक स्पर्धा होतात, बँका आणि पतसंस्था चिखलदऱ्याला सहल काढतात. या सगळ्यातून माणसं खरंच एकमेकांच्या जवळ येतात का, आणि आली तर ती कशामुळे?

सुरुवात रस्सीखेचेपासून करू, कारण कुठल्याही कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात हा खेळ असतोच. साहित्य एक दोर, नियम दोन वाक्यांचे, आणि सगळ्यांना एकदम खेळता येतं. याच खेळावर एका फ्रेंच शेतकी अभियंत्यानं मोजमाप करून ठेवलं आहे. मॅक्स रिंगेलमन हे त्याचं नाव. माणसं, बैल आणि यंत्रं किती जोर लावू शकतात हा त्याच्या अभ्यासाचा विषय. त्यानं माणसांना आधी एकेकटं आणि मग गटानं दोर ओढायला लावलं. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार दोघांनी मिळून ओढलं तर दोघांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेच्या ९३ टक्के जोर लागला, तिघांत ८५ टक्के, आणि आठ जणांत जेमतेम ४९ टक्के. आठ माणसांमधला निम्म्याहून जास्त जोर कुठे गेला?

काही जोर बिनमेळाच्या ओढण्यात जातो. एकाचा झटका आधी, दुसऱ्याचा नंतर. पण तेवढंच कारण नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक युक्ती केली. दोर ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सगळ्यांत पुढे उभं केलं आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं सांगितलं. प्रत्यक्षात मागे कुणीच ओढत नव्हतं. तरी त्याचा जोर कमी भरला. आपल्या मागे माणसं आहेत एवढ्या समजुतीनंच हात सैल पडला. पुढे १९७९ मध्ये टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतही हेच दिसलं. ज्या कामात कुणाचा वाटा किती हे वेगळं दिसत नाही, तिथे चांगली माणसंही नकळत अंग राखतात. म्हणून एकजूट शिकवायला रस्सीखेच ठेवायची, ही समजूत मला मुळातच तपासून घ्यावीशी वाटते. हा खेळ जोशाचा आहे, मजेचा आहे, जरूर खेळावा. पण अंग राखण्याची सोय सगळ्यांत जास्त याच खेळात आहे.

आता याच्या शेजारी अकोल्याची कावड ठेवून बघा. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी भरून शहरातली शिवभक्त मंडळं राजराजेश्वराच्या देवळापर्यंत पायी येतात. अठरा-वीस किलोमीटरची वाट, सुमारे आठ दशकांची परंपरा. मोठ्या कावडींना भरण्यांच्या रांगाच्या रांगा असतात आणि त्या उचलायला डझनावारी खांदे लागतात. इथेही माणसं पुष्कळ आणि ओझं एक. पण एकाचं पाऊल चुकलं की शेजारच्याच्या खांद्याला त्याच क्षणी कळतं. उंचीनं जुळणाऱ्यांच्या जोड्या लावाव्या लागतात, दमलेला खांदा चालता चालता बदलावा लागतो, आणि बदली खांदा आधीच शेजारी चालत असावा लागतो. हे कुणी भिंतीवर लिहून शिकवत नाही, ओझंच शिकवतं. कार्यालयासाठी खेळ निवडताना हीच कसोटी लावावी. माझ्या हालचालीचा परिणाम शेजाऱ्याला लगेच जाणवतो का, आणि त्याच्यावाचून माझं अडतं का?

या कसोटीवर सगळ्यांत पक्का उतरणारा खेळ आपल्या मातीतच आहे, तो म्हणजे खो-खो. अमरावतीकरांना त्याची ओळख करून द्यायला नको. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं देशी खेळांसाठी काय केलं, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय व्यायामप्रकारांची आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. ज्या गावातून हे खेळ जगापुढे गेले, त्या गावातल्या कार्यालयांनी ‘टीम बिल्डिंग’साठी आयात केलेली प्लास्टिकची साधनं विकत आणावीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खो-खोची रचना बघा. पाठलाग करणाऱ्या नऊपैकी आठ जण आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंडं करून चौकोनांत बसलेले. नववा धावतो, पण त्याच्या पायात नियमांच्या बेड्या. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. बचाव करणारा मात्र कुठूनही कसाही पळू शकतो. म्हणजे एकट्यानं धावून गडी बाद करणं जवळपास अशक्यच. योग्य जागी बसलेल्या सोबत्याला मागून स्पर्श करून खो द्यायचा, आणि आपण त्याच्या जागी बसायचं. सगळ्यांत वेगवान गडी स्वतःच धावत राहिला तर संघ हरतो. बसलेल्यानं खो मिळण्याआधी उठायचं नाही, पण मिळताच क्षणही घालवायचा नाही, म्हणजे बसलेल्यालाही पूर्ण वेळ खेळ वाचत राहावं लागतं. काम हातावेगळं करायचं आणि नीट सोपवायचं, या दोन्ही गोष्टी इथे नियमातच आहेत. पाळी बदलताना ज्यांची कामं एकमेकांच्या हातात जातात, त्या परिचारिकांसाठी, वीज उपकेंद्रातल्या मंडळींसाठी, सूतगिरणीतल्या कामगारांसाठी याहून नेमका खेळ मला सुचत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तो चालत खेळावा. धावायचं नाही, फक्त भराभर चालायचं, एवढा एक नियम घातला की पन्नाशीतल्या बाईही साडी सावरून मजेत खेळतात आणि खेळाचं मर्म तसंच राहतं.

आट्यापाट्यांचं मर्म वेगळं. तिथे प्रत्येक बचाव करणाऱ्याला आपली पाटी नेमून दिलेली. शेजारच्या पाटीवरून कुणी निसटत असलं तरी आपण तिकडे धावायचं नाही, ओरडून सावध करायचं आणि आपली पाटी राखायची. लांबीनं धावणारी मधली सूरपाटी ज्याच्याकडे, त्याच्यावर सगळ्यांना जोडून ठेवण्याची जबाबदारी. कॅमेरॉन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीम बिल्डिंगवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २००९ साली मांडणी केली. एकूण परिणाम चांगला, पण माफक दिसला. सगळ्यांत जास्त फायदा झाला तो उद्दिष्ट ठरवण्यातून आणि कुणी काय करायचं हे स्पष्ट होण्यातून. नुसती ओळखपाळख आणि गप्पा यांच्यापेक्षा माझी पाटी कोणती हे कळणं जास्त कामाला येतं. आट्यापाट्या खेळून झाल्यावर आपल्या कार्यालयात कुठली पाटी कुणाचीच नाही, हा प्रश्न टाकून बघा. आवक-जावक नोंदीपासून सर्व्हर बंद पडला तर कुणाला फोन करायचा इथपर्यंत कितीतरी मोकळ्या पाट्या सापडतील.

मैदान नसेल तर? अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मैदानाचं नावही नको. खोलीतल्या खोलीत करायचे दोन उपक्रम सांगतो.

एक रांगोळीचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात ठिपक्यांच्या रांगोळीचं चित्र, दुसऱ्याकडे कागद आणि पेन्सिल. पहिल्यानं तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. पहिल्या फेरीत काढणाऱ्यानं एकही प्रश्न विचारायचा नाही, दुसऱ्या फेरीत हवे तितके विचारायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की सूचना देणाऱ्याचे डोळे उघडतात. आपण स्पष्टच सांगितलं होतं असं छातीठोक म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला मुद्दाम पहिल्या फेरीत सांगायला बसवावं. जागा बदलून लिपिक सांगणारा आणि साहेब काढणारे, असंही नक्की करावं.

दुसरा तुराट्यांचा. आपल्याकडे तूर निघाली की तुराट्यांना तोटा नाही. प्रत्येक गटाला वीस तुराट्या, थोडी सुतळी आणि एक लिंबू द्यायचं. अठरा मिनिटांत लिंबू जास्तीत जास्त उंचीवर टेकवणारा मनोरा उभा करायचा, आणि तो आधाराशिवाय उभा राहिला पाहिजे. बहुतेक गट पंधरा मिनिटं आराखड्यावर वाद घालतात आणि लिंबू शेवटच्या क्षणी ठेवतात, मग मनोरा कोसळतो. लिंबू आधी ठेवून बघणारे, पडलं तर पुन्हा बांधणारे पुढे जातात. नव्या योजनेचा छोटा प्रयोग आधी एका तालुक्यात करून बघावा, हे यातून भाषणाशिवाय कळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, तो म्हणजे गट कसे पाडायचे. लेखा शाखा विरुद्ध आस्थापना शाखा, कार्यालय विरुद्ध फिल्ड, असे सामने लावायची आपल्याला सवय आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्पर्धांत त्यानं बिघडत नाही, कारण बुलडाण्याच्या तलाठ्याला अकोल्याच्या तलाठ्याबरोबर रोज एका टेबलावर बसायचं नसतं. पण ज्यांची कामं रोज एकमेकांत अडकलेली आहेत त्यांना समोरासमोर उभं करणं धोक्याचं आहे. १९५४ साली मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, एकाचं नाव ईगल्स, दुसऱ्याचं रॅटलर्स. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारण्याच्या शर्यती लावल्या आणि बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि राहत्या खोल्यांवर हल्ले करण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, जेवणाच्या टेबलावरून अन्नाचीच फेकाफेक झाली.

फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद झाल्यावर. ते आयोजकांनीच बंद केलं होतं. टाकी आणि नळ तपासायला दोन्ही गटांना मिळून जावं लागलं. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर ट्रकला बांधला आणि सगळ्यांनी एका बाजूनं ओढला. त्या मुलांना आपल्यावर प्रयोग चालला आहे याची कल्पना नव्हती. आज असं करणं कुणालाही मान्य होणार नाही, आणि मुलांच्या शिबिरावरून मोठ्यांच्या कार्यालयाबद्दल सगळंच ठरवता येत नाही. तरी एकत्र जेवण पुरेसं नाही, एकत्र अडचण लागते, हे त्यातून नीट दिसतं.

पाण्याची अडचण वऱ्हाडाला कुणी कृत्रिमपणे निर्माण करून द्यावी लागत नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्याचं कोरेगाव आणि बीडचं अंबाजोगाई यांच्यासोबत आपलं वरूड होतं. संत्र्याच्या बागांसाठी खोल खोल बोअर खणत गेलेला हा तालुका. ४५ दिवसांत श्रमदानानं पाणलोटाची कामं उभी करायची होती. गावातून निवडलेल्या मंडळींचं आधी प्रशिक्षण झालं, आणि त्यात खेळांचा भरपूर वापर होता. पाणी कसं वाहतं, कसं मुरतं हे खेळातून, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन भाग एका चरावर कसे आणायचे हेही खेळातून. स्पर्धा गावागावांत होती, पण प्रत्येक गावाच्या आत फळी एकच होती. कार्यालयात हाच क्रम ठेवावा. विरोधक बाहेरचा असावा, म्हणजे तो मागच्या वर्षीचा प्रलंबित अर्जांचा आकडा असेल किंवा वर्षभर साचलेली जुन्या फाइलींची खोली, पण शेजारच्या टेबलावरचा माणूस नको. इर्जिक घालून एकाचं शेत सगळ्यांनी मिळून नांगरून देणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे नव्यानं सांगावं लागत नाही. अभिलेख कक्ष लावणं, आवारात झाडं लावणं, रक्तदान शिबिर भरवणं या गोष्टी खेळांइतक्याच, कधी खेळांहूनही जास्त उपयोगी ठरतात.

एक काळजी मात्र नक्की घ्यावी. कुणालाही हसण्याचा विषय करणारा खेळ ठेवू नये. साहेबांसमोर नाच, डोळे बांधून चमच्यात लिंबू, जोडीदाराचं नाव घेऊन उखाणा अशा गोष्टी काहींना आवडतात, पण नको म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करून आग्रह केला की जवळीक वाढत नाही, मनात आढी बसते. नाही म्हणणाऱ्याला गुण मोजायचं, वेळ धरायचं काम द्यावं. दिव्यांग कर्मचारी, गरोदर स्त्रिया, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांची अडचण चारचौघांत विचारू नये, आदल्या दिवशी एकट्याला गाठून विचारावी.

खेळ संपल्यावर लगेच चहाला पळू नये. अर्धा तास गोल बसून बोलावं. कुणाला काय दिसलं, कुणाचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही, आणि हे आपल्या रोजच्या कामात कुठे घडतं. वरिष्ठांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, नाहीतर पहिल्या वाक्यानंतर सगळे होकार भरतात. बोलण्यातून निघालेली एकच गोष्ट निवडून ती फळ्यावर लिहावी, पुढच्या महिन्याची तारीख घालावी आणि त्या दिवशी ती झाली का ते बघावं.

पुढच्या आठवड्यात : कार्यालयात नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात त्याला काय शिकवावं आणि कुणी शिकवावं.